बोनेट उघडते, गाडी उघडत नाही

आपल्या समाजात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम असला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येते: "किती दिवस पंक्चर काढणार? किती दिवस गॅरेजमध्ये हात काळे करणार? शिका आणि बाहेर पडा." टाळ्या पडतात. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे उदाहरण म्हणून अनेकदा माझ्याकडेच बोट दाखवले जाते. त्या टाळ्या मला नको आहेत. शिक्षणाला विरोध कोण करेल? पण ज्या धंद्यावर आपली हजारो घरे चालतात, तो डोळ्यांदेखत हातातून जात असताना त्याची लाज बाळगत बसणे म्हणजे सुधारणा नव्हे.

गॅरेजवाल्याचे हुनर संपले म्हणून हा धंदा चाललेला नाही. गाडीशी बोलण्याची परवानगी कंपन्यांनी त्याच्यापासून काढून घेतली म्हणून तो चालला आहे. ही परवानगी कायद्याने परत मिळवता येते. अमेरिकेतल्या एका राज्याने ती मतदानाने मिळवली, युरोपने नियमात लिहून टाकली. भारतात स्पर्धा आयोगाने 2014 मध्येच सांगितले की कंपन्यांचे हे वागणे बेकायदेशीर आहे. तरी आपल्या निवेदनांत, मोर्च्यांत, निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना दिल्या जाणाऱ्या मागण्यांच्या यादीत 'गॅरेज' हा शब्द मला कधी दिसलेला नाही.

हा धंदा कोणाचा आहे

सच्चर समितीने 2006 मध्ये देशातल्या मुस्लिमांच्या रोजगाराचे चित्र मांडले. नियमित पगाराच्या नोकरीत आपण कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हा त्यातला एक मुख्य निष्कर्ष. मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या मोजक्या क्षेत्रांत ठळक दिसते, त्यांत वाहनदुरुस्तीही होती. ते समजायला अहवालाची गरज नाही म्हणा. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ, मालेगाव, भिवंडी, मिरज, कुठेही एक चक्कर मारून या.

हा धंदा आपल्याकडे का आला याची कारणे साधी आहेत. त्याला पदवी लागत नाही, ओळखीचा साहेब लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. भाड्याचा एक गाळा, पान्यांचा एक संच आणि उस्तादच्या हाताखाली काढलेली चार-पाच वर्षे एवढ्यावर माणूस उभा राहतो. दहावीत नापास झालेला पोरगा पंचविशीत आवाजावरून टॅपेट की बेअरिंग हे सांगू लागतो. नोकरीच्या बाजारात आडनाव पाहून अर्ज बाजूला पडतो. बंद पडलेल्या गाडीचा मालक मात्र मेकॅनिकचे आडनाव विचारत नाही. म्हणूनच या धंद्याची किंमत पैशापेक्षा जास्त आहे. मोहल्ल्याबाहेरच्या माणसाशी रोजचा, बरोबरीचा आणि विश्वासाचा व्यवहार जिथे होतो, अशा जागा आता किती उरल्या आहेत?

कुलूप कुठे लागले

थोडे तांत्रिक सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आजच्या कारमध्ये अनेक छोटे संगणक असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, दरवाजे आणि चावीचा वेगळा. ते एकमेकांशी एका समाईक तारेवरून बोलतात. स्टीअरिंगखाली 16 पिनांचे एक सॉकेट असते. स्कॅनर तिथे लागतो. भारतात प्रदूषण नियंत्रणासाठी 2010 मध्ये ओबीडी-1 आणि 2013 मध्ये ओबीडी-2 आले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले, तेव्हा बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि तिथेही सेन्सर, इंजेक्टर आणि संगणक आले. हवा स्वच्छ व्हावी यासाठी हे आवश्यक होते. दम्याचे रुग्ण आपल्या वस्त्यांतही आहेत, त्यामुळे बीएस-6 विरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही.

पण नियम करताना सरकारने गाडीत संगणक बसवायला लावला आणि त्या संगणकाची किल्ली कोणाकडे राहील हे लिहिलेच नाही. प्रदूषणाशी संबंधित ठरावीक कोड कोणताही साधा स्कॅनर वाचू शकतो, कारण ते प्रमाणित आहेत. ब्रेक, एअरबॅग, इमोबिलायझर, बॉडी कंट्रोल यांचे कोड कंपनीचे स्वतःचे. दुचाकीत तर कनेक्टरच कंपनीगणिक बदलतो.

आणि कोड वाचणे ही फक्त अर्धी गोष्ट. नवा भाग बसवल्यावर गाडीला सांगावे लागते की हा आता तुझा भाग आहे. त्याला गॅरेजच्या भाषेत कोडिंग म्हणतात. त्यासाठी स्कॅनरने गाडीला विनंती केली की गाडी एक आकडा फेकते. त्याचे बरोबर उत्तर दिले तरच दार उघडते. उत्तर काढण्याचे सूत्र कंपनीकडे, आणि अलीकडे तर ते कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हरवर लॉगिन फक्त अधिकृत डीलरला. पासवर्डच्या दारामागे मी रोज काम करतो, म्हणून सांगतो: इथे मेकॅनिकच्या अकलेची परीक्षा होत नाही. त्याचे नाव यादीत आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

माझ्या मामूंचे गॅरेज आहे. तीस वर्षांचा अनुभव. त्यांच्याकडे एका जुन्या ग्राहकाची कार आली, एबीएसचे मॉड्यूल गेलेले. मामूंनी दोष बरोबर ओळखला, भाग मागवला, बसवला. गाडीने तो स्वीकारला नाही. शेवटी ती टोइंग करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागली. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला आणि काही मिनिटांत काम झाले. बिल मामूंच्या मजुरीपेक्षा जास्त आले. त्याहून मोठे नुकसान पुढचे: ग्राहकाला वाटले मामूंना जमले नाही. वीस वर्षांचा तो ग्राहक पुढच्या सर्व्हिसिंगला थेट शोरूमला गेला.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत हे चित्र आणखी पुढे गेले आहे. बॅटरी बंद, सॉफ्टवेअर बंद, सुटे भाग बाजारात नाहीत. दुरुस्ती एकाच दारात मिळू लागली की ग्राहकाचे काय होते तेही आपण पाहिले. 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्या कंपनीविरुद्ध एका वर्षात दहा हजारांहून जास्त तक्रारी जमल्या होत्या. नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू दिला असता, तर त्यातल्या कितीतरी स्कूटर चार दिवसांत रस्त्यावर आल्या असत्या.

2014 चा निकाल, जो आपल्या गल्लीत पोहोचलाच नाही

2011 मध्ये एका ग्राहकाच्या अर्जावरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे प्रकरण सुरू झाले. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी 65 लाख रुपये दंड ठोठावला. मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्रा, टोयोटा, होंडा अशी सगळी मोठी नावे त्यात होती. आयोगाचे म्हणणे असे की एकदा गाडी विकली की तिच्या सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजारात कंपनी मक्तेदार बनते, आणि या कंपन्यांनी त्या मक्तेदारीचा गैरवापर केला.

आदेशातल्या सूचना प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना खुल्या बाजारात विकण्यापासून रोखू नका. सुट्या भागांच्या किमती आणि उपलब्धता जाहीर करा. आणि सर्वांत महत्त्वाचे: ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्या एका कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी.

पुढे अपिले झाली. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या प्रकरणात दोष कायम ठेवला, पण दंड सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगून बराच कमी केला. बाकीचे कोर्टकचेऱ्यांत. आज शोरूममध्ये जाऊन विचारा, "बाहेर ऑइल बदलले तर वॉरंटी जाईल का?" उत्तर काय येते ते ऐका.

स्पर्धा आयोगाचा आदेश त्या 14 कंपन्यांपुरता होता आणि कारपुरता होता. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर त्यात नाहीत. ज्या मेकॅनिकला कोडिंग नाकारले, त्याने काय करायचे? वकील करून दिल्लीला जायचे? आदेश आणि कायदा यांत हा फरक असतो. कायदा असता तर त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार केली असती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैमध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरली. डिसेंबर 2022 मध्ये पोर्टलही सुरू झाले. चांगले पाऊल, पण पोर्टलवर काय टाकायचे हे कंपनीच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क नाही, मेहेरबानी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा हक्क अजून लिहिलेला नाही.

सुरक्षेचा बहाणा

कंपन्या म्हणतात, सगळ्यांना प्रवेश दिला तर गाड्या हॅक होतील, चोऱ्या वाढतील. या युक्तिवादाचे उत्तर द्यायला हवे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. गाडीचे सॉफ्टवेअर उघडे टाकता येत नाही, आणि इमोबिलायझरचा कोड कोणाच्याही हातात जाऊ नये.

पण पुरावा पाहा. 2015 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी चालती जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तो हल्ला कोणत्याही गॅरेजच्या स्कॅनरमधून झाला नव्हता. कंपनीने स्वतःच गाडीत बसवलेल्या मोबाइल इंटरनेट जोडणीतून झाला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2021 च्या अहवालात दुरुस्तीवरच्या निर्बंधांसाठी कंपन्यांनी दिलेली कारणे तपासली आणि त्यांना फारसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला.

आणि मार्ग तयार आहे. युरोपीय संघाच्या 2018 च्या नियमानुसार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना वाजवी शुल्कात द्यावी लागते. चावी, इमोबिलायझर अशा नाजूक कामांसाठी तिथे वेगळी योजना आहे: मेकॅनिकची पडताळणी होते, त्याला डिजिटल प्रमाणपत्र मिळते, आणि कोणत्या गाडीवर त्याने काय केले याची नोंद राहते. बँकेत रोखपालाला जसे लॉगिन देतात तसेच. रोखपाल चोरी करू शकतो म्हणून आपण बँकेला टाळे लावत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हा हक्क 2012 च्या सार्वमतात लोकांनी मंजूर केला. त्याच्या दबावाखाली 2014 मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी करार केला. मग कंपन्यांनी माहिती सॉकेटऐवजी थेट सर्व्हरवर न्यायला सुरुवात केली, तेव्हा 2020 मध्ये पुन्हा मतदान झाले आणि सुमारे 75 टक्के लोकांनी त्यालाही होकार दिला. कंपन्या कोर्टात गेल्या, चार वर्षांहून जास्त काळ खटला चालला आणि 2025 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयात त्या हरल्या. तिथले गॅरेजवाले आपल्यापेक्षा हुशार नव्हते. ते संघटित होते, आणि ग्राहकाला बरोबर घेऊन लढले.

आपल्या गाळ्यातला कचरा

दुसऱ्याच्या कुलपाबद्दल बोलताना आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. मीटर मागे फिरवून देणारे, जुना भाग पॉलिश करून नवा म्हणून लावणारे, बिल न देणारे आपल्याकडे आहेत. जळके ऑइल गटारात सोडणारे तर भरपूर आहेत. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते परवानाधारक संकलकालाच द्यावे लागते. जे गटारात जाते ते आपल्याच वस्तीतल्या पाण्यात मुरते.

हा नैतिक मुद्दा आहे, तसा व्यवहाराचाही आहे. जो कागदावर नाही, त्याला हक्क मागता येत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या गाळ्याला नोंदणीच्या कटकटीतून मोकळे केले. ऑनलाइन सूचना दिली की झाले. उद्यम नोंदणी फुकट आहे, मोबाइलवरून होते. तरी कितीतरी गॅरेजांकडे यातले काहीच नसते. महापालिकेची गाडी आली की त्यांच्याजवळ दाखवायला कागद नसतो, आणि बँकेत गेले की कर्ज मिळत नाही.

सरकारच्या नजरेतही मेकॅनिक कुठेच बसत नाही. 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलपे बनवणारा आहे, चांभार, शिंपी, न्हावी आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते. योजना चांगली आहे. पण उस्तादकडून शागीर्दाकडे, हातातून हातात हुनर जाण्याची परंपरा जिथे आजही जिवंत आहे, तो वाहनदुरुस्तीचा धंदा त्या यादीत नाही.

मागायचे काय

एक, वाहनांसाठी दुरुस्तीचा हक्क कायद्यात लिहा: निदानाची माहिती, साधने आणि कोडिंग नोंदणीकृत स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात, दुचाकी आणि इलेक्ट्रिक वाहनांसह. दोन, बाहेर दुरुस्ती केल्यावर वॉरंटी सरसकट जात नाही, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत मराठीत छापणे बंधनकारक करा. तीन, वाहनांच्या सॉफ्टवेअर आणि सायबर सुरक्षेची मानके बनतात त्या टेबलावर गॅरेजवाल्यांचा प्रतिनिधी बसवा. या मानकांचे काम पाहणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. कंपन्यांचे लोक तिथे असतात, आपले कोणी नसते. चार, मेकॅनिकला विश्वकर्मा योजनेत घ्या, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाने स्कॅनर व प्रशिक्षणासाठी वेगळे कर्ज द्यावे.

ही मागणी फक्त मुस्लिमांची म्हणून मांडली तर ती पहिल्याच दिवशी अडेल, आणि ते खरेही नसेल. गॅरेजांत बौद्ध आहेत, ओबीसी आहेत, मराठा आहेत, सुट्या भागांच्या बाजारात शीख आहेत. महागड्या बिलांचा भार सगळ्याच ग्राहकांवर पडतो. आपली संख्या या धंद्यात मोठी आहे, म्हणून पुढाकार आपण घ्यावा. झेंडा मात्र गॅरेजचा असावा.

आणि शिकलेल्या मुलांसाठी एक काम, जे या महिन्यात सुरू करता येईल. तुमच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये जा. चाचा असतील, मामू असतील, शेजारी असतील. त्यांची उद्यम नोंदणी करून द्या. मग एक वही ठेवा आणि त्यात दोनच प्रकारच्या नोंदी करा: कुलपामुळे कोणती गाडी शोरूमला परत पाठवावी लागली, आणि कोणत्या ग्राहकाला वॉरंटीची भीती घातली गेली. तारीख, मॉडेल, कोणता भाग, तिकडे बिल किती आले. ग्राहक तयार असेल तर त्याच वेळी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर त्याच्या नावाने तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा.

एका शहरातल्या 50 गॅरेजांच्या सहा महिन्यांच्या वह्या एकत्र आल्या, तर ग्राहक व्यवहार विभागापुढे, स्पर्धा आयोगापुढे आणि आपल्या आमदार-खासदारापुढे ठेवायला आपल्याजवळ भाषणाऐवजी पुरावा असेल. कंपन्यांकडे वकील आहेत. आपल्याकडे निदान वही असू द्या.